भाऊजींची चिखलफळी

मराठीच्या प्राध्यापकाच्या हातात लोकांना खडू पाहण्याची सवय असते; फार तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यामुळे २०२४ सालची उन्हाळ्याची सुट्टी संपवून मी अमेरिकेहून परतलो आणि स्टाफरूममधल्या मंडळींनी "काय काय पाहिलंत?" म्हणून मला घेरले, तेव्हा माझे उत्तर ऐकून साऱ्यांचीच निराशा झाली. "एक दिवस ग्रँड कॅनियन पाहिले आणि अकरा दिवस एका जुन्या ट्रकचा तडकलेला डॅशबोर्ड दुरुस्त केला," असे मी सांगितले. इंग्रजीचे प्राध्यापक मोठ्याने हसले. अर्थशास्त्रवाल्यांनी तिकिटाचा खर्च भागिले अकरा असा हिशेब मांडला. एकट्या रसायनशास्त्राच्या बाईंनी चष्मा सारखा करून विचारले, "कशाने जोडलात?"

तो प्रश्न मला फार आवडला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर जरा लांबले आहे. पण दिवाळी आहे, वाचकांपाशी फराळाची बशी असेल, असे धरून चालतो.

माझी ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. १९८६ साली लग्न होऊन ती अमेरिकेला निघाली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. नागपूरच्या विमानतळावर मी असे काही भोकाड पसरले की, भाऊजींनी खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले आणि "हे सांभाळ, मी परत मागणार आहे," असे सांगितले. ते पेन त्यांनी कधी मागितले नाही. भाऊजी अभियंते होते. नोकरी अ‍ॅरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात. लेक वाळवंटात दिली म्हणून आई हळहळत होती. पण ताईचे पहिलेच पत्र आले त्यात लिहिले होते, 'उन्हाळा अगदी आपल्यासारखा आहे. कूलर आहेत. शेजाऱ्यांच्या अंगणात संत्र्याचे झाडसुद्धा आहे.' त्यानंतर आईने काळजी करणे सोडले.

१९९० साली भाऊजींनी एक पिकअप ट्रक घेतला, तोही जुना, १९७९ सालचा. पिकअप म्हणजे पुढे तिघांना दाटीवाटीने बसता येईल अशी एक लांब बैठक आणि मागे उघडा हौदा. कचेरीत जायला भाऊजींची वेगळी मोटार होती. ट्रक होता तो रविवारचा. तिथल्या मराठी मंडळींचा गणपती त्या हौद्यातून आला आणि गेला. नाटकाचे पडदे, जेवणावळीची पातेली, नव्याने आलेल्या कुटुंबाचे पलंग, सारे त्यातूनच वाहिले गेले. मंडळाचे सामान भाऊजींच्याच गराजमध्ये ठेवलेले असे. परिणामी गराजमध्ये पडदे सावलीत राहिले आणि ट्रक बत्तीस वर्षे बाहेर उन्हात उभा राहिला. हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवावे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये भाऊजी गेले. हृदयविकाराचा झटका आला आणि दोन तासांत सारे संपले. माझे प्रवासाचे कागद वेळेत झाले नाहीत. बहिणीवर असा प्रसंग आला असता मी नागपुरात बसून फोनवर रडत होतो, आणि 'येतो, येतो' म्हणत पावणेदोन वर्षे लोटली. २०२४ च्या फेब्रुवारीत ताईचा फोन आला. "घर विकतेय रे. बाळकडे राहायला जाणार. या घरात यायचं असेल तर आत्ताच ये."

बाळ म्हणजे माझा भाचा. तीस वर्षांचा आहे, सहा फूट उंच आहे, पण ताईच्या लेखी बाळ. तो फीनिक्सपासून सव्वादोनशे किलोमीटरवर फ्लॅगस्टाफ या डोंगरातल्या गावी राहतो. गाव सुमारे सात हजार फूट उंचीवर, पाइनच्या झाडांत, थंड. ट्रक तो तिकडे नेणार होता.

\* \* \*

मी पोचलो तो मे महिना. आपल्याकडे नवतपा चालू असावा तशी हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने ट्रकचे दार उघडले आणि मी प्रथम तो डॅशबोर्ड पाहिला. सुकाणूचक्राच्या पलीकडे, समोरच्या काचेखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाडशी गादी बसवलेली असते. मूळची ती गडद निळी असावी. आता राखी झाली होती. आणि तिच्यावर तीन ठिकाणी... इथे मी अडलो. भाचा म्हणाला, "मामा, क्रॅक आर एव्हरीव्हेअर." पण मराठीच्या माणसाला एवढ्या एका शब्दावर भागवता येत नाही.

कारण आपल्याकडे चीर निराळी, तडा निराळा आणि भेग निराळी. चीर ही केसासारखी बारीक. बशीला असते, पण बशी चहा धरते. तडा आरपार जातो. माठाला गेला की माठ कुंडीच्या कामाचा. भेगेला तोंड असते, ती आ वासते. जमिनीला पडते, टाचेला पडते. आणि फट म्हणजे दोन वस्तूंमधली रिकामी जागा; तिथे फुटलेले काहीच नसते. या हिशेबाने पाहता, सामानाच्या खणावर गादीला एक चीर होती, रेडिओच्या वर एक तडा होता, आणि चालकासमोर, काचेवर गरम हवा सोडणाऱ्या जाळीपासून निघून खाली आलेली वीतभर लांबीची भेग होती. भेगेच्या कडा वर वळल्या होत्या आणि आत पिवळसर भुसा दिसत होता. बोट लावताच त्याचे पीठ झाले.

भाच्याने शांतपणे माझे व्याख्यान ऐकले आणि खिशातून फोन काढून तीन शब्द टिपून घेतले. त्याचे मराठी चांगले आहे, पण ते स्वयंपाकघरातले आणि सणावारांचे. पुढल्या अकरा दिवसांत आमचा हा सौदाच ठरून गेला: त्याने मला काम शिकवायचे आणि मी त्याला शब्द द्यायचे.

पहिला शब्द त्याच्याचकडचा निघाला. 'डॅशबोर्ड' हे नाव मोटारीच्याही आधीचे, घोडागाडीच्या काळातले आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लाकडी किंवा चामड्याची एक आडवी फळी लावीत. घोडे गेले, चिखल गेला, फळी मात्र नावासकट राहिली आणि तिच्यावर घड्याळे, काटे आणि दिवे येऊन बसले. मी तिथल्या तिथे 'चिखलफळी' असा प्रतिशब्द करून टाकला. भाषा संचालनालयाची मान्यता त्याला नाही. पण भाच्याला तो इतका आवडला की, त्या दिवसापासून घरात दुसरा शब्द उच्चारला गेला नाही.

\* \* \*

आता ही गादी तडकते का, ते सांगतो. रसायनाच्या बाईंनी चूक काढली तर ती माझी समजावी.

गादीचे थर तीन. तळाशी कठीण सांगाडा, त्याच्यावर पॉलियुरेथेनचा फेस म्हणजे स्पंज, आणि सगळ्यांत वर व्हिनाइलची कातडी. हे व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. आपल्या घरी पाण्याचा जो करडा नळ असतो त्याचाच भाऊ. मुळात हा पदार्थ कडक. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात; त्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. ही द्रव्ये पीव्हीसीला घट्ट बांधलेली नसतात. उन्हाने गादी तापली की ती हळूहळू उडून जातात. जुन्या मोटारीच्या समोरच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर जमतो आणि कितीही पुसला तरी पुन्हा येतो, त्यात याच द्रव्यांचा मोठा भाग असतो. इकडे मऊपणा गेलेली कातडी आक्रसते. पण खाली ती स्पंजाला आणि सांगाड्याला चिकटलेली. आक्रसायला जागा नाही. मग ताण वाढत जातो आणि जिथे आधीच कापलेले आहे, जाळीचा कोपरा, स्क्रूचे भोक, तिथून ती फाटते. उन्हातले अतिनील किरण या कामाला हातभार लावतात.

ऊन म्हणजे किती? फीनिक्सला लागूनच टेंपी हे गाव आहे. तिथे भर उन्हाळ्यात मोटारी उभ्या करून संशोधकांनी तापमाने मोजली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या मोटारीत हवेचे तापमान सरासरी ४७ अंश सेल्सिअस होते, आणि डॅशबोर्डचे ६९! सावलीतल्या मोटारीचा डॅशबोर्ड मात्र ४८ अंशांवर थांबला. एका झाडाच्या सावलीची किंमत एकवीस अंश. भाऊजींच्या ट्रकला हे ६९ अंश बत्तीस उन्हाळे रोज मिळाले.

आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांना ही व्यथा नव्हती. त्यांचा डॅशबोर्ड नुसता पत्र्याचा. तापेल, चटका देईल, पण तडकणार नाही. मग शहाण्या माणसांनी पत्रा सोडून ही नाजूक गादी कशाला आणली? त्याचे उत्तर गंभीर आहे. डेट्रॉइटमध्ये डॉ. क्लेअर स्ट्रेथ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. मोटारी आदळल्यावर पुढे बसलेली माणसे, विशेषतः बायका आणि मुले, तोंडावर पत्र्याच्या डॅशबोर्डवर आपटत. ते फुटलेले चेहरे शिवण्याचे काम डॉक्टरांकडे येई. १९३० च्या दशकातच त्यांनी स्वतःच्या मोटारीत गादी बसवून घेतली आणि मोटार बनवणाऱ्यांनी तसे करावे असा धोशा लावला. १९५६ साली फोर्ड कंपनीने जादा पैसे घेऊन अशी गादी देऊ केली. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक गाजले, १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींना आतल्या भागावर डोके आपटण्याबद्दलचे नियम लागू झाले. थोडक्यात, ती गादी म्हणजे दिखाऊ सजावट नव्हे. कुणाचे तरी कपाळ वाचावे म्हणून ती तिथे आहे.

\* \* \*

अशा गादीवर उपाय चार. पहिला अगदी गृहिणीचा: वर सतरंजीसारखे बेतलेले कापड पसरावे. भेग तशीच, पण दिसत नाही. दुसरा: मूळ आकाराचे कडक प्लास्टिकचे कवच मिळते, ते वरून चिकटवावे. तासाभराचे काम; बघणाऱ्याला नवे वाटते, पण हाताला कडक लागते. तिसरा: सबंध गादी काढून नवी बसवावी, नाहीतर जुना सांगाडा खास कारखान्यात पाठवून त्याच्यावर नवा स्पंज आणि नवी कातडी चढवून घ्यावी. सर्वांत उत्तम, सर्वांत महाग. चौथा: भेग आपल्या हातांनी भरावी. स्वस्त, वेळखाऊ, आणि यशाची खात्री नाही.

नागपूर असते तर पाचवाही उपाय होता. सीटकव्हरवाल्याच्या दुकानासमोर गाडी उभी करायची, तो रेक्झिन ताणून बसवतो आणि चहा पिऊन होईस्तो काम उरकते. इथे चहा आपणच करायचा आणि रेक्झिनही आपणच ताणायचे.

भाच्याचा कल तिसऱ्या उपायाकडे होता. "मामा, नवीन पॅड मागवू. काही शे डॉलरचा प्रश्न आहे. चार दिवसांत घरी येईल." मला ते पटले. आम्ही जेवताना ताईला सांगितले. ताई भात वाढता वाढता थांबली.

"नवीन नको," ती म्हणाली.

"काहून?" मी विचारले.

"नको म्हणजे नको." आणि ती आमटी आणायला आत गेली.

ताई भाऊजी गेल्यापासून एकदाही त्या ट्रकमध्ये बसलेली नव्हती, हे मला भाच्याने सांगितले होते. म्हणून मी विषय वाढवला नाही. रात्री झोप येईना. तिथला आणि आपला दिवस यांची फुगडी चाललेली असते, त्यामुळे पहिले आठ दिवस माणूस रात्री जागतो. पाणी प्यायला उठलो तर ताई स्वयंपाकघरात खोके भरत बसलेली. मी समोर बसलो. बराच वेळ ती कागदात कप गुंडाळत राहिली. मग उठली, गराजमध्ये गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. प्लास्टिक जोडायच्या मसाल्याचा डबा. बाजूला दुकानाची पावती चिकटलेली होती. साल २००३.

"तेव्हा पहिली चीर पडली," ताई म्हणाली. "म्हणाले, येत्या रविवारी भरतो. त्या रविवारी मंडळाचं काम निघालं. मग पुढच्या रविवारी. एकोणीस वर्षं मी बोलत होते रे. ट्रकात बसले की बोलायची. बोलायला दुसरं काही नसलं तरी हेच. त्या दिवशी सकाळीसुद्धा बोलले. जरा जास्तच बोलले."

मी डबा हलवून पाहिला. आतला मसाला दगड झाला होता.

"नवीन बसवलं की संपलं," ती म्हणाली. "त्यांच्यानं झालं नाही ते नाहीच झालं, असं होईल."

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. मी तरी कोणता वेळेवर आलो होतो! सकाळी मी भाच्याला एवढेच सांगितले, "बाळ, चौथा उपाय."

\* \* \*

पहिले दोन दिवस गादी काढण्यात गेले. बॅटरीची तार सोडायची. मग खालच्या ओठाचे स्क्रू, मग काचेच्या कडेचे. हे शेवटचे इतक्या अडचणीत असतात की, पेचकस शिरतो तिथे हात शिरत नाही. भाच्याने प्रत्येक ठिकाणचे स्क्रू निराळ्या पुडीत घातले आणि पुडीवर मराठीत लिहिले: 'डावी कड', 'जाळी', 'खण'. 'खण' मधला ण त्याने तीनदा खोडला. कामाची वेळ पहाटे पाच ते आठ. आठनंतर गराजची भट्टी होत असे.

गादी टेबलावर आल्यावर पहिले काम स्वच्छतेचे. यात कसर केली की पुढचे सारे व्यर्थ. डॅशबोर्ड चकचकीत दिसावा म्हणून लोक जी तकाकीची औषधे चोळतात त्यांत पुष्कळदा सिलिकोन असते, आणि सिलिकोन एकदा मुरले की त्याच्यावर ना मसाला धरत, ना रंग. भाऊजींना तकाकीची हौस होती. साबणाने तीन वेळा, मग अल्कोहोलच्या बोळ्याने दोन वेळा पुसले, तेव्हा कुठे फडके पांढरे निघाले.

त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत कठीण गेली. भेग भरायची तर आधी ती मोठी करावी लागते. वर वळलेल्या कडा धारदार कटरने कापून टाकायच्या, भुसा झालेला स्पंज खरवडून काढायचा, भेगेला दोन्ही अंगांनी उतार द्यायचा. आणि तिच्या दोन्ही टोकांना ड्रिलने बारीक भोक पाडायचे, म्हणजे ताण एका बिंदूवर न येता गोलाईत वाटला जातो आणि भेग पुढे पळत नाही. वीतभराच्या भेगेची दीड वीत झाली. मी कटर हातात धरून उभा, आणि भाचा म्हणतो, "मामा, काप. नाही कापलं तर कडा पुन्हा उचलतील." दाराशी ताई उभी होती. मी तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली आणि आत निघून गेली. मी कापले.

आतल्या पोकळीत फुगणारा फेस भरला. हा फेस पिचकारीतून निघतो तेव्हा सोज्वळ दिसतो आणि पाच मिनिटांत इडलीच्या पिठासारखा डब्याबाहेर येतो. तो वाळल्यावर पृष्ठभागाच्या किंचित खाली कापून घेतला. मग मुख्य मसाला. आपले रंगारी ज्याला लांबी म्हणतात तसलाच, पण लवचिक जातीचा, दोन नळ्यांतून येणारा, मिसळला की घट्ट होणारा. पत्र्यावर भरायची कडक लांबी इथे चालत नाही. व्हिनाइल उन्हात पसरते, थंडीत आक्रसते. लांबी हटून बसली की कडेने नवी चीर पडते. सांधणाऱ्याने सांध्याच्या दोन्ही बाजूंइतकेच मऊ असावे लागते.

पहिला घाणा फुकट गेला. नळीवर लिहिलेली मुदत थंड हवेसाठीची. आमच्या गराजमध्ये पहाटे सहालाच तीस अंश. मी मसाला मिसळून "हा शब्द 'लिंपणे' बरं का, 'थापणे' नव्हे," असे सांगत होतो, तोवर तो पट्टीसकट दगड झाला. भाचा इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. "मामा, आधी लिंप, मग सांग," तो म्हणाला. दुसऱ्या वेळी नळ्या आदल्या रात्री थंड जागी ठेवल्या आणि मी तोंड मिटून लिंपले.

मग घासणे. ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १८०, मग ३२०. घासले की खड्डा दिसतो; पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. चार दिवस हेच. डोळ्यांना जे सपाट दिसते ते बोटांना नसते, म्हणून भाच्याने मला डोळे मिटून हात फिरवायला शिकवले. नाकातोंडावर मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्याच्या लायकीची नाही.

नववा दिवस रंगाचा. लांबी गुळगुळीत आणि मूळ कातडीला बारीक दाणा. त्यासाठी फवाऱ्याने दाणेदार थर द्यावा लागतो. त्यावर व्हिनाइलसाठीचा खास रंग, एकदम दाट नव्हे, पाच पातळ हात. पण निळा म्हणजे कोणता निळा? सारी गादी राखाडलेली, मूळ रंग कुणालाच आठवेना. तेव्हा भाच्याने मधोमध चिकटवलेला छोटा गणपती अलगद सोडवला. भाऊजींनी १९९० साली, ट्रक घेतल्याच दिवशी बसवलेला. त्याच्या बैठकीखाली रुपयाएवढे एक गोल शाबूत होते; गर्द, मोरपिसाकडे झुकणारे निळे. बत्तीस वर्षे तेवढ्याच जागेला ऊन लागले नव्हते. ते गोल समोर ठेवून आम्ही रंग निवडला.

अकराव्या दिवशी गादी बसली, काटे लागले, गणपती आपल्या जागी गेला. स्क्रू एकही उरला नाही, याचे श्रेय पुड्यांवरच्या मराठीला.

\* \* \*

एक सावधगिरीची सूचना, म्हणजे हा लेख वाचून कुणी उत्साहाच्या भरात कटर हाती घेणार नाही. हा ट्रक १९७९ चा, म्हणून आम्ही हे धाडस केले. आताच्या मोटारींत सामानाच्या खणावरच्या भागात हवेची पिशवी दडलेली असते. आपल्याकडेही २०२१ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही बैठकींसाठी ती सक्तीची झाली. तिच्यावर कवच चिकटवणे, लांबी भरणे, कापड ताणून बसवणे जिवाशी खेळ ठरेल. त्या पिशवीला फुटताना वाट मोकळी लागते. तिथे जाणत्या माणसाकडेच जावे. एरवी प्रतिबंध सोपा आहे: सावली पाहून मोटार उभी करावी, ती नसेल तर काचेआड उन्हाचा पडदा लावावा, आणि तकाकीच्या औषधांचा मोह आवरावा.

\* \* \*

घर सोडण्याचा दिवस. हौद्यात खोकी भरली होती, दोरी आवळून झाली होती. भाचा चालकाच्या जागी बसला. मी ताईसाठी दार उघडून उभा राहिलो. ती आपल्या मोटारीने मागून येणार असे ठरले होते. पण ती आली, पायरीवर पाय ठेवला आणि आत बसली. कुणी काही बोलले नाही.

मग तिने डोळे मिटले आणि गादीवरून हात फिरवू लागली. आम्हाला कुणी ती युक्ती तिला सांगितल्याचे आठवत नाही. हात खणावरून निघाला, रेडिओवरून गेला, गणपतीला वळसा घालून चालकाच्या बाजूला पोचला, आणि जाळीच्या खाली अचूक थांबला.

"इथे आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "तिरप्या उन्हात पाहिलं तर दिसतंसुद्धा. दाणा पुरता जमला नाही."

तिने बोटांनी तो सांधा पुन्हा एकदा चाचपला.

"असू दे. त्यांनी केलं असतं तर याहून वाईट केलं असतं," ताई म्हणाली, आणि पावणेदोन वर्षांनी मी तिला हसताना पाहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होते ते वेगळे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "गराजमध्ये फळीवर तो डबा आहे ना, तो टाकून दे आता."

मी डबा टाकून आलो तोवर भाच्याने इंजिन सुरू केले होते. त्यांच्या मागून ताईची मोटार मला चालवायची होती, उजव्या बाजूने, आयुष्यात पहिल्यांदा. पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

रसायनाच्या बाईंना मी मसाल्याचे नाव लिहून दिले आहे. फ्लॅगस्टाफला आता थंडी पडू लागली. परवा भाच्याचा फोन आला होता. "मामा, चिखलफळी ओके आहे. चीर नाही, तडा नाही, भेग नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि ट्रक मी शेडमध्ये ठेवतो. सामान बाहेर."